नाट्यगीतांचा अर्धा तास आणि शेतीचा निरोप

सांगली जिल्हा म्हटला की द्राक्षे, हळद आणि ऊस ही नावे आधी तोंडात येतात. पण याच मातीत आणखी एक पीक जोमाने आले, ते नाटकाचे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले आणि तिथून मराठी रंगभूमीचा आरंभ मानला जातो. 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे हरिपूरचे. 'मानापमान' आणि 'स्वयंवर' लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. बालगंधर्वांचे नाव पलूस तालुक्यातील नागठाण्याशी जोडलेले आहे. म्हणजे नाट्यसंगीत ही काही फक्त पुण्या-मुंबईची मिरासदारी नव्हे. ते आपल्या शिवारातलेच आहे.

आमच्या भागातील एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर आठवड्यातून एकदा, संध्याकाळी अर्धा तास नाट्यगीतांचा कार्यक्रम होतो. तो सादर करण्याचे काम गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे. नोकरी कृषी विस्ताराची, शिक्षण कृषी पदविकेचे. मग हा गाण्याबिण्याचा उद्योग कशाला, असे अनेकजण विचारतात. आता तर केंद्राच्या सल्लागार समितीपुढेच प्रश्न आला आहे की या कार्यक्रमाला जाहिरात मिळत नाही, तरुण पोरांना सिनेमाची गाणी हवीत, तेव्हा हा अर्धा तास त्यांना द्यावा का? निर्णय व्हायचा आहे. तो होण्यापूर्वी या अर्ध्या तासातून काय घडते, हे शेतकरी बंधू-भगिनींपुढे आणि गावच्या पदाधिकाऱ्यांपुढे मांडणे गरजेचे वाटते.

एक आठवडा, एक विषय

नुसती गाणी एकामागून एक वाजवली तर ती कानावरून जातात. म्हणून दर आठवड्याला एक विषय धरायचा, असे सुरुवातीलाच ठरवले. कधी एक नाटक, कधी एक गायक, कधी एकच राग, तर कधी पायपेटी म्हणजे ऑर्गन. विषय ठरवताना गावात सध्या काय चालले आहे, ते बघायचे.

लग्नसराईत 'संगीत सौभद्र' घेतले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे हे नाटक १८८२ सालचे. सुभद्रेला दुर्योधनाला द्यायची हा बलरामाचा हट्ट, तिचे मन अर्जुनावर, आणि मधे कृष्णाच्या खटपटी. घरातल्या लग्नावरून भावाभावांत धुसफूस होणे हे कुठल्या गावाला नवीन आहे? लोकांनी ते अगदी आपल्या वाड्यातले असल्यासारखे ऐकले.

'मानापमान' हे १९११ चे नाटक. श्रीमंताघरची भामिनी गरीब पण शूर धैर्यधराचा पाणउतारा करते आणि पुढे तिचे डोळे उघडतात. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. या नाटकाच्या भागात १९२१ सालच्या 'संयुक्त मानापमान'ची हकीकत सांगितली. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि कोल्हापूरचे केशवराव भोसले हे दोन वेगळ्या कंपन्यांचे मालक मुंबईत एका रंगमंचावर उभे राहिले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. धंद्यात स्पर्धा असली तरी मोठ्या कामासाठी एकत्र येता येते, याचा दाखला म्हणून एका पाणीवापर संस्थेच्या अध्यक्षांनी ही गोष्ट आपल्या सभेत सांगितल्याचे मला नंतर कळले.

सगळ्यांत जास्त बोलबाला झाला तो 'एकच प्याला'च्या दोन भागांचा. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले आणि त्यानंतर महिनाभरातच हे नाटक बडोद्याला रंगमंचावर आले. सिंधूचे काम बालगंधर्वांचे. दारूने एका शिकल्यासवरल्या माणसाच्या संसाराची माती कशी होते, ते या नाटकात आहे. पहिला भाग झाल्यावर आठवडी बाजारात एका बाईंनी मला थांबवले. "साहेब, त्या सिंधूचं पुढं काय हुतंय? जगती का नाही ती?" मी म्हटले, "मावशी, पुढच्या आठवड्यात ऐका." तर म्हणाल्या, "ऐकतोच की. पण आमच्या मालकास्नी बी बसवतो ऐकायला."

'शारदा' आणि १०९८

देवलांचे 'शारदा' १८९९ चे. म्हातारा भुजंगनाथ, पैशाला भुललेला बाप कांचनभट आणि मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित. कोवळ्या पोरीचा सौदा होतो, ही त्याची गोष्ट. बालविवाहाला आळा घालणारा कायदा आला १९२९ साली, म्हणजे नाटकानंतर तीस वर्षांनी. सध्याचा कायदा २००६ चा आहे. त्यात मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण झालेले असावे लागते.

या भागात गाण्यांच्या मध्ये एका ग्रामसेवकांना बोलते केले. आपल्या राज्यात गावपातळीवर बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्याची जबाबदारी ग्रामसेवकाकडे दिलेली आहे आणि त्याच्या मदतीला अंगणवाडी सेविका असते, हे कितीतरी लोकांना ठाऊकच नव्हते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक दोनदा सांगितला. दुसऱ्या दिवशी केंद्रावर एका बाईंचा फोन आला. गाव सांगितले नाही, नाव सांगितले नाही. फक्त तो नंबर पुन्हा विचारून लिहून घेतला आणि फोन ठेवला. पुढे काय झाले, ते आम्ही शोधत बसलो नाही. पण हाच नंबर भिंतीवरच्या सरकारी फलकावर अनेक दिवस होता. तो फलकावरून उतरून एका घरापर्यंत पोचला तो शारदेच्या पदांबरोबर.

अर्ध्या तासाची आखणी

असा कार्यक्रम करू इच्छिणाऱ्यांसाठी आखणी थोडक्यात देतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे बसायचे. त्यामुळे मोठमोठ्या गवयांनासुद्धा तेवढ्यात आटपावे लागले. ही अडचण आज आपल्या पथ्यावर पडते. अर्ध्या तासात अशी पाच-सहा पदे आरामात बसतात. त्यांची अठरा-वीस मिनिटे झाली की निवेदनाला सात-आठ मिनिटे, शेतीच्या निरोपाला दोन मिनिटे आणि उरलेला वेळ श्रोत्यांच्या फोनला.

दोन पदांच्या मधे एक ते दीड मिनिटापेक्षा जास्त बोलू नये. गोष्ट कुठवर आली, आता कोण गाणार, का गाणार, एवढे सांगितले की पुरे. पदात संस्कृत शब्द फार असतात. त्यातले दोन अवघड शब्द निवडून आधीच त्यांचा अर्थ सांगावा, म्हणजे ऐकणारा अडत नाही. रागाचे नाव सांगायला हरकत नाही, पण त्यावर व्याख्यान नको. कागद बघून वाचले की आवाज कार्यालयीन परिपत्रकासारखा होतो. मुद्दे तेवढे टिपून घ्यावेत आणि समोर गावातला एखादा माणूस बसला आहे, असे समजून बोलावे.

वेळ निवडतानाही गावाचे घड्याळ बघावे लागते. धारा काढून, डेअरीला दूध घालून माणूस घरी आला की तो ऐकतो. रात्रपाळीची लाईट असली की मोटर सुरू करून बांधावर बसलेला शेतकरी बटणाच्या फोनवर ऐकतो. द्राक्षाच्या पॅकहाऊसमधल्या बायका काम करता करता ऐकतात.

गाण्याबरोबर निरोप

आता शेतीखात्याचा माणूस यात का, त्याचे उत्तर. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग पोंग्यातून पुढे सरकत असते, तेव्हा ढगाळ हवा आणि पावसाची सर आली की पाने ओली राहतात आणि डाऊनी शिरतो. अशा वेळी निरोप दुसऱ्या दिवशी पोचून उपयोग नसतो. बागेत पाणी साचू देऊ नका, फुटव्यांची विरळणी वेळेवर करून हवा खेळती ठेवा, औषध शिफारशीतलेच आणि सांगितलेल्या प्रमाणातच घ्या, ही चार वाक्ये त्याच संध्याकाळी कानावर पडावी लागतात.

हेच निरोप आम्ही दुपारच्या कृषी वार्तापत्रातही देतो. पण दुपारी माणूस शेतात राबत असतो. संध्याकाळी तो गाणे ऐकायला बसलेला असतो आणि तिसऱ्या पदानंतर येणारा निरोप त्याला आपसूक कळतो. बागायतदार शिवारात भेटतात तेव्हा 'सौभद्राच्या मधे तुम्ही सांगितलं ते' अशी आठवण देतात. वार्तापत्राची आठवण कुणी दिलेली नाही.

यात नवीन असे काही नाही. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील १५० गावांत लोक गटाने एकत्र बसून आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. त्या प्रयोगाचा धडा साधा होता. ऐकायला माणसे एकत्र बसली, तर सांगितलेले कृतीत उतरते. माणसे बसण्यासाठी काहीतरी ओढ लागते. आमच्याकडे ती ओढ नाट्यगीताची आहे.

गावातल्या चाली

या कार्यक्रमाचा दुसरा फायदा आधी ध्यानात नव्हता. पूर्वी जत्रेला, गणपतीत गावोगावी हौशी मंडळी संगीत नाटके बसवीत. देवळापुढे कनाती लावून रात्रभर प्रयोग चालत. दिवसा औत धरणारा गडी रात्री शालू नेसून सुभद्रा व्हायचा. त्या मंडळींपैकी जे हयात आहेत, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत.

कार्यक्रम ऐकून अशाच एका आजोबांनी निरोप धाडला की, तुम्ही वाजवता ती चाल बरोबर आहे, पण आमच्या गावात ती जरा वेगळी म्हणत. मोबाईल घेऊन गेलो. आजोबांनी भाता फाटलेली हार्मोनियम काढली आणि सोप्यात बसून चार पदे म्हटली. आवाज कापत होता, पण ताल चुकला नाही. कोणते पद कोणत्या साली कुणी बसवले आणि तबल्याला कोण होते, तेही सांगितले. ती पदे आम्ही पुढच्या आठवड्यात लावली. सारे गाव चावडीपुढे जमून ऐकत होते, असे त्यांच्या नातवाने कळवले. त्यानंतर पाच महिन्यांनी आजोबा गेले. त्या गावची ती चाल आता फक्त त्या ध्वनिमुद्रणात शिल्लक आहे. अशी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत आणि दर वर्षी कमी होत आहेत.

हक्काचा आणि खर्चाचा प्रश्न

गाणी वाजवताना कायदा सांभाळावा लागतो. ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षे तिच्यावर हक्क राहतो. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. किर्लोस्कर १८८५ मध्ये, देवल १९१६ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये वारले. त्यांची पदे आज सर्वांना मोकळी आहेत आणि बालगंधर्वांच्या काळातील जुन्या तबकड्यांचीही मुदत संपली आहे. मात्र 'मत्स्यगंधा' (१९६४) आणि 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) यांचे संगीतकार पं. जितेंद्र अभिषेकी १९९८ साली गेले, म्हणून त्या गाण्यांना परवाना लागतो. जुनेच पद नव्या गायकाने गायले असेल, तर त्या नव्या मुद्रणाचा हक्क वेगळा असतो. गावातल्या माणसाचे गाणे घेतले तर त्याची लेखी संमती घ्यावी, म्हणजे पुढे वाद नको.

यावरून लक्षात येईल की जुने नाट्यसंगीत वाजवायला फारसा खर्च येत नाही. सिनेमाच्या नव्या गाण्यांना परवान्याचे पैसे मोजावे लागतात. जाहिरातीचा हिशेब करताना समितीने हीही बाजू मांडणीत घ्यावी.

तरुणांचे म्हणणे खोटे आहे असे नाही. त्यांना त्यांची गाणी मिळालीच पाहिजेत. पण सिनेमाची गाणी त्यांच्या फोनवर चोवीस तास आहेत. आपल्या गावच्या आजोबांनी म्हटलेले पद दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार? सामुदायिक रेडिओला २००६ च्या धोरणाने कृषी विज्ञान केंद्रे आणि स्वयंसेवी संस्थांसाठी वाट मोकळी केली, ती गावाचा आवाज गावाला ऐकवण्यासाठी. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी २००८ साली याच वाटेने सुरू झाली. केंद्राचा पल्ला जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर असतो. तेवढ्या टापूतले जे आहे, तेच त्याचे भांडवल.

गावांनी काय करावे

ग्रामपंचायतींना विनंती अशी की, गावात कोणाकडे जुन्या तबकड्या, नाटकाच्या वह्या, पायपेटी किंवा पाठ असलेली पदे आहेत, याची एक साधी यादी करावी. त्याला निधी लागत नाही. एक शिक्षक आणि दोन पोरे एका रविवारी हे काम करतील. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. त्या दिवशी शाळेत एखाद्या वयस्कर गायकाला बोलवावे आणि फोनवर मुद्रण करून जवळच्या केंद्राला द्यावे.

शेतकरी बंधूंनी एकच करावे. कार्यक्रम ऐकत असाल, तर तसे केंद्राला पोस्टकार्डाने किंवा फोनने कळवा. नको असेल, तर तेही कळवा. सल्लागार समितीपुढे आज जाहिरातीचे आकडे आहेत, ऐकणाऱ्यांची पत्रे फार थोडी आहेत. बैठक होण्यापूर्वी ती आली, तर समितीला दोन्ही बाजू समोर ठेवून निर्णय घेता येईल.