पिंजऱ्यातली कोंबडी अंगणात येते तेव्हा

छत्रपती संभाजीनगरच्या वस्त्यांत आजही दाराशी हातभर अंगण असलेली घरे आहेत. तेथे गावरान कोंबड्या सुखाने चरतात. पण पिसे झडलेली, फिकट तुऱ्याची पांढरी कोंबडी कोणी जगवायला घरी आणीत नाही. ती अंड्यांच्या फार्मवरची असते. साधारण दीड वर्षाची झाली, अंडी कमी झाली, की तिला कापायला पाठवतात.

तिचे आयुष्य कसे गेले ते पाहा. पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला लांब वहीच्या पानापेक्षाही कमी जागा येते. तिची पूर्वज रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी देते. हिच्याकडून तीनशेच्या आसपास घेतात. कवचाचा चुना तिच्या हाडांतून जातो, म्हणून हाडे ठिसूळ होतात. प्राण्याला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. केंद्रीय विधी आयोगाने २०१७ साली अंड्यांच्या कोंबड्यांविषयी स्वतंत्र अहवालही दिला. तरी पिंजरे आहेतच.

अशी कोंबडी आणायची तर एकटी आणू नये, दोन आणाव्यात. पहिले काही दिवस ती कोपऱ्यात उभी राहील. माती तिने पाहिलेली नसते. तिला पंख धरून उचलू नये. दोन्ही हातांनी अंग सावरून धरावे. चोच छाटलेली असल्याने जमिनीवरचे दाणे टिपता येत नाहीत, म्हणून दाणा खोलगट भांड्यात द्यावा. बसायची काठी वीतभर उंचीवरच बांधावी. कोरडी माती आणि राख एका कोपऱ्यात ठेवावी. एके दिवशी ती त्यात लोळू लागेल. तेव्हा समजावे, कोंबडी सावरली.

घरी आधीच्या कोंबड्या असतील तर नवीला तीन-चार आठवडे वेगळे ठेवावे. मानमोडीची लस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्यावी. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. म्हणून कोंबड्या अचानक मरू लागल्या तर लपवू नये, दवाखान्यात कळवावे. मुलांना हात साबणाने धुण्याची सवय लावावी. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि कोंबडीला घाम येत नाही. खुराड्याच्या पत्र्यावर ओले गोणपाट टाकावे, पाणी सावलीत ठेवावे.

आता हिशेब. एक कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाते. दोघींना महिन्याला साडेसहा किलो दाणा लागतो. ज्वारी-बाजरीची कणी, भाजीचा पाला, भाजून कुटलेली अंड्याची टरफले यांनी थोडा भार हलका होतो. पिसे भरल्यावर ती पुन्हा अंडी देईलही, पण पूर्वीइतकी नाही. खुडूक तर ती सहसा बसतच नाही.

म्हणून आणण्यापूर्वीच घरात बसून एक गोष्ट ठरवावी : अंडी थांबली तर हिचे काय करायचे? मुले तिला नाव ठेवतील, हातावर दाणे खाऊ घालतील. मग एके दिवशी तीच कोंबडी ताटात आली तर त्यांना काय सांगणार? सांभाळणे झेपत नसेल तर न आणलेली बरी. त्यात लाज नाही.

दोन कोंबड्या आणल्याने फार्मवरचे पिंजरे रिकामे होणार नाहीत. पण जिला कधी पाय पसरता आले नाहीत ती आपल्या अंगणात उन्हाला पंख पसरून पडते, हे मुलांनी पाहिले तर अंडे कुठून येते ते त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.