जुना मारिओ थ्रीडी होतो, पण नुसतं बटण दाबून नाही!

कॅसेट फुंकून टीव्हीवर मारिओ अन् काँट्रा खेळलेली पोरं आज चाळिशीत आहेत. आता त्यांचीच मुलं मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात. मारिओ तोच, पाइप तेच, पण सगळं उठावदार! कॅमेरा फिरवला की पाइप गोल दिसतो, विटांची बाजू दिसते. हे होतं कसं?

मुळात खेळ होता कसा?

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' हे यंत्र बाजारात आणलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेले स्वस्त टीव्ही गेम बरेचसे त्याचीच नक्कल होते. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा खेळ अवघ्या ४० किलोबाइटचा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोही बहुतेक वेळा यापेक्षा मोठा असतो.

एवढ्या कमी जागेत चित्रं बसवायची म्हणून युक्ती केली होती. पडदा म्हणजे जणू गोधडीच. ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे, आडवे ३२ आणि उभे ३०. तेच तुकडे पुन्हा पुन्हा वापरायचे. मारिओमधला ढग आणि झुडूप नीट बघा. आकार एकच आहे, फक्त रंग वेगळा!

एम्युलेटर काय करतो?

एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राच्या चिपची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम. कुठला तुकडा कुठे मांडायचा, हे खेळ त्याला क्षणोक्षणी सांगत असतो. साधा एम्युलेटर ते तुकडे सपाट मांडतो. थ्रीडीवाला त्यांना जाडी देतो आणि पुढे-मागे ठेवतो.

पण खरी अडचण इथेच आहे. कुठली वस्तू किती जाड, किती लांब, ही माहिती मूळ खेळात नाहीच. गावच्या नकाशावर नुसता गोल काढला, तर ती विहीर की खळं, हे गावचा माणूसच सांगणार. इथेही तसंच. हा पाइप, तो गोल कर. हा ढग, तो मागे ठेव, असं माणसाला बसून ठरवावं लागतं.

व्हिएतनामचे प्रोग्रॅमर त्रान वू त्रुक यांनी २०१६ मध्ये असा एम्युलेटर लोकांसमोर आणला. पुढे 'थ्रीडीसेन' नावाने तो संगणकासाठी विक्रीला आला. त्यात प्रत्येक खेळाची अशी तयारी वेगळी केलेली आहे. म्हणून तो ठराविक खेळांनाच चालतो.

खेळ मात्र बदलत नाही. उडी तेवढीच, शत्रू त्याच जागी. पाइप गोल दिसला तरी मारिओ त्याच्या मागे जाऊ शकत नाही.

पालकांनी काय लक्षात ठेवावं?

'कुठलाही जुना गेम एका क्लिकवर थ्रीडी' अशी लिंक आली तर आधी थांबा. ज्या कामाला माणसाला खेळागणिक बसावं लागतं, ते फुकटच्या एका फाईलमध्ये कसं होईल? अनोळखी एपीके टाकू नका. गेमला तुमचे एसएमएस वाचायची गरजच काय? अशी परवानगी मागितली तर सरळ काढून टाका. जुन्या खेळांचे हक्कही कंपन्यांकडे आहेत, फुकट फाईल उतरवणं म्हणजे कॉपीराइटचा भंग.

पोराच्या हातातल्या फोनवरच तुमचं बँक खातं आहे, एवढं विसरू नका.