हातपेटीची बांधणी आणि दुरुस्ती

भजनी मंडळ असो, कीर्तन असो, की नाटकाची तालीम असो, पेटीवाचून तेथील काम अडते. ही पेटी आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती परदेशांतून आली, हे अनेकांच्या ध्यानांतही राहत नाही. परंतु जी पेटी युरोपांतून आली ती ही नव्हे. येथील कारागिरांनी तिचे काही अवयव टाकून दिले, काही जवळ आणून बसविले आणि जी बांधणी सिद्ध केली तीच आज घरोघर दिसते. करावयास सोपी आणि मोडल्यास दुरुस्त करावयास त्याहूनही सोपी, असे या बांधणीचे थोडक्यांत वर्णन करता येईल.

हार्मोनियम या नांवाचे वाद्य पॅरिस येथील अलेक्झांडर दबें या कारागिराने 1842 च्या सुमारास प्रसिद्धीस आणले. त्याचे मूलतत्त्व साधे होते. पितळेच्या चौकटीत एका टोकाशी घट्ट व दुसऱ्या टोकाशी मोकळी अशी पातळ जीभ बसवावयाची आणि तिच्यावरून हवा जाऊं द्यावयाची. म्हणजे ती थरथरते व सूर उमटतो. जीभ आंखूड व पातळ असेल तर सूर चढा, लांब व जड असेल तर तो खालचा. चीन व आग्नेय आशियांतील वाद्यांत ही मोकळी जीभ फार प्राचीन काळापासून वापरांत होती. युरोपाने तिला लाकडी कपाटांत बसविले आणि पायांनी चालवावयाचा भाता जोडला.

वादकाने खुर्चीवर बसावे, दोन्ही पायांनी भाता हालवावा आणि दोन्ही हातांनी वाजवावे, अशी त्या वाद्याची योजना होती. पट्टी दाबली की तिच्याखालची लाकडी काठी खाली सरके आणि ती काठी खालच्या पेटाऱ्यांतील झडप उघडी. पट्टी आणि सूर यांच्यामध्ये अशा मधल्या अवयवांची रांग असे. हिंदुस्थानच्या दमट हवेत लाकूड फुगते आणि उन्हाळ्यांत आकसते. त्यामुळे जितके अवयव अधिक तितक्या अडचणी अधिक. शिवाय हे ओझे बैलगाडीतून गांवोगांव नेणे कठीण, आणि भारतीय बैठकीत ते ठेवावयाचे तरी कोठे?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले. 1875 मध्ये स्थापन झालेली त्यांची द्वारकिन ही पेढी वाद्यांकरिता प्रसिद्ध होती. त्यांनी पाय आणि खालचे कपाट हे दोन्ही काढून टाकले. भाता पेटीच्या मागील बाजूस आणून डाव्या हाताच्या स्वाधीन केला. यामुळे वादकाचा एक हात वाजविण्याच्या कामांतून कमी झाला. पाश्चात्य संगीतांत ही मोठी हानि ठरली असती, कारण तेथे अनेक स्वर एकदम वाजवावे लागतात. आपल्या संगीतांत मात्र एका वेळी एक स्वर पुढे जातो. म्हणून जे सोडले त्याची उणीव भासली नाही. उलट षड्ज-पंचमासारखे सूर अखंड चालू ठेवण्याची सोय खुंट्यांच्या योगाने करता आली.

आंतील रचनाही त्याच बेताने सुटसुटीत झाली. बाहेरचा भाता हवा आंत ढकलतो. चामड्याची झडप ती परत जाऊं देत नाही. आंत दुसरा भाता असून तो स्प्रिंगांच्या दाबाखाली असतो, त्यामुळे हाताची हालचाल थांबली तरी सूर क्षणभर टिकतो. त्याच्यावर सुरांची फळी, आणि फळीवर लगेच पट्ट्या. पट्टी हीच येथे तरफ. पुढचे टोक दाबले की मागचे टोक उचलते आणि त्याला चिकटविलेले चामडे भोकावरून दूर होते. काठ्यांची मधली रांग पार नाहीशी झाली.

या बांधणीमुळे काम वाटून घेता आले. सुतार पेटी करी, दुसरा भाते शिवी, तिसरा सूर ओढून ते मिळवी. गुजरातेतील पालीताणा हे गांव पितळी सूर करण्याच्या धंद्यासाठी नांवाजलेले आहे. साडेतीन सप्तकांच्या दुहेरी सुरांच्या पेटीत 42 पट्ट्या व 84 सूर असतात. ते एकेक वेगळे असल्याने एक बिघडला तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही.

दुरुस्तीचे तंत्रही उघड आहे. वरचे झांकण काढले की पट्ट्या दिसतात. एखादा सूर मुका झाला तर बहुधा जिभेखाली कचरा अडकलेला असतो. पातळ कागद हळूच सरकविला की तो निघतो. पट्टी सोडल्यावरही सूर वाजत राहिला तर स्प्रिंग सैल झालेली असते किंवा चामडे कुरतडलेले असते. सूर उतरला तर जिभेचे टोक किंचित खरवडावे, चढला तर मूळ खरवडावे. या शेवटच्या कामास मात्र तयार कान हवा. बाकीचे काम तालुक्याच्या गांवचा कुशल सुतारही करूं शकतो.

या सुलभतेमुळेच नाटक कंपन्या पेटी घेऊन बेळगांव, बडोदे, इंदूर, हैदराबाद अशा दूरच्या मुक्कामांना जाऊं शकल्या. ग्वाल्हेरचे भैय्यासाहेब गणपतराव, गोविंदराव टेंबे आणि पुढे बेळगांवचे रामभाऊ विजापुरे यांनी या पेटीला मैफलीत मान मिळवून दिला.

तथापि टीकाही झाली, आणि ती निराधार नव्हती. पेटीचे सूर ठरीव असतात. तिच्यावर मींड निघत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवितां येत नाहीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी 1911 च्या सुमारास श्रुतींना अनुसरणारी पेटी तयार करविण्याचा प्रयत्न केला. तिचा हेतु शास्त्रशुद्ध होता, परंतु अवयव वाढले, वाजविणे अवघड झाले आणि ती सामान्य वादकाच्या हाती गेली नाही. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती 1971 मध्ये अंशतः उठली. ज्या वर्षांत ध्वनिक्षेपकापुढे पेटीस मज्जाव होता, त्याच वर्षांत देवळांतून व शाळांतून ती वाजत राहिली. तिला आधार सरकारचा नव्हता, दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा होता.

आजही तोच प्रश्न नव्या रूपाने पुढे येतो. पट्ट्यांचा संच सरकवून स्वर बदलण्याची सोय, एक पट्टी दाबली असतां दुसऱ्या सप्तकांतील पट्टीही आपोआप दाबली जाण्याची सोय, अशा सुधारणा गायकास उपयोगी पडतात, यांत संशय नाही. परंतु प्रत्येक सोयीबरोबर तारा, दुवे आणि सरकते भाग वाढतात, वजन वाढते आणि लहान गांवचा दुरुस्तीवाला हात टेकतो. मग पेटी मोठ्या शहरी पाठवावी लागते, आणि गणेशोत्सव तोंडावर आला असतां भजनी मंडळ पेटीवाचून राहते.

म्हणून पेटी घेणाराने सुराचा गोडवा पाहावा, त्याबरोबरच झांकण उघडून आंतही पाहावे. स्क्रू काढतां येतील असे आहेत, की सर्व कांही सरसाने चिकटविले आहे? स्प्रिंगा जवळच्या बाजारांत मिळतील अशा मापाच्या आहेत काय? सूर एकेक सुटा निघतो काय? करणारानेही हेच प्रश्न स्वतःस विचारावे. वाद्य कारखान्यांत एकदांच तयार होते, पण त्याची दुरुस्ती पुढे दोन पिढ्या करावी लागते. ती अनोळखी हातांनाही करतां यावी, इतकी मोकळी रचना ठेवणे हेही कारागिराचे कौशल्यच होय.