उत्तर बरोबर, पण काढलंस कसं?

सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांतून चालतात: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी. मराठी शाळांतली मुलं मुख्यतः लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यातली. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून लूमवर नाहीतर कापड मार्केटात कामाला आलेल्यांची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि पुस्तकात मराठी. त्यामुळे गणिताच्या तासाला इथे एक जादा विषय न सांगता शिकवावा लागतो. ८९ ही संख्या पुस्तकात एकोणनव्वद, गल्लीत नवासी आणि वाण्याकडे नेव्यासी असते. हिंदी-गुजराती शब्द ऐंशीला धरून चालतात, मराठी शब्द नव्वदला धरून एक मागे येतो. ‘एकोणनव्वद’ ऐकून ९९ लिहिणारं पोर मठ्ठ आहे, असं समजून कित्येक वर्षं त्याला मागच्या बाकावर बसवलं गेलं.

अशा वर्गांत उभं राहून गेल्या वीस वर्षांकडे बघताना एक गोष्ट ठळक दिसते. मुलांना गणित आवडावं म्हणून जे काही आलं, ते बहुतेक गणिताच्या कपड्यांबद्दल होतं. रंगीत पुस्तकं, गाणी, मेळावे, दरवर्षी २२ डिसेंबरला रामानुजन यांचा फोटो आणि हार. यातलं काही वाईट नव्हतं. पण मुलाची गणिताशी दोस्ती झाली ती निराळ्याच कारणाने, आणि ते कारण कुठल्याही परिपत्रकात आलं नाही.

सुरुवात कागदावर तरी चांगली होती. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासोबत गणिताच्या अध्यापनावर एक टिपण निघालं. चेन्नईचे आर. रामानुजम त्या गटाचे अध्यक्ष होते. बहुसंख्य मुलांच्या मनात गणिताची भीती आणि अपयशाची भावना आहे, हे त्यांनी मूळ दुखणं म्हणून नोंदवलं, आणि गणिती पद्धतीने विचार करता येणं हे मुख्य उद्दिष्ट मांडलं. त्यातून एनसीईआरटीची प्राथमिकची नवी पुस्तकं आली. चौथीच्या पुस्तकात मुर्शिदाबादच्या विटा आल्या, भंगार विकत घेणारी किरण आली. गुजरातने २०१८ पासून टप्प्याटप्प्याने एनसीईआरटीची पुस्तकं लावली आणि ती आमच्या हातात मराठीत पडली. भंगारवाली किरण आमच्या मुलांना परकी नव्हती. गल्लीत तशा दोन-चार होत्याच.

त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये गुणोत्सव सुरू झाला होता. मंत्री, सनदी अधिकारी शाळाशाळांत जाऊन वाचन, लेखन, गणन तपासत आणि शाळेला श्रेणी मिळे. मुलाला वजाबाकी येते का, याची सरकारदरबारी कोणाला तरी फिकीर आहे हे त्यामुळे पहिल्यांदा दिसलं, ते श्रेय द्यायलाच हवं. पण साहेब येण्याआधीचे पंधरा दिवस वर्गात एकच घोष चाले: उत्तर बरोबर आलं पाहिजे. कसं आलं, ते विचारायला त्या दिवशी कोणाला वेळ नसे. २०१० च्या प्रज्ञा अभियानाने पहिली-दुसरीची मुलं जमिनीवर गटांत बसवली, कार्डं दिली, ज्याने त्याने आपल्या चालीने पुढे जायचं ठरवलं. कल्पना मला मनापासून पटली होती. पण नोंदी ठेवता ठेवता शिक्षक कारकून झाले आणि मुलाशी बोलणं राहून गेलं.

आता एक मुलगी. पाचवीतली, नाव सांगत नाही. आई घरी साड्यांना लेस लावायची, मुलगी धागे कापायची. इथल्या चाळींतून हे काम घरोघर चालतं आणि पैसे नगावर मिळतात. वर्गात २७ गुणिले ७ दिलं होतं. तिने वहीत उभी मांडणी केली, सात सत्ते एकोणपन्नास लिहिले, सात दुणे चौदा त्याच्या डावीकडे ठेवले आणि खाली १४४९ लिहून वही मिटली. मी गुणाकार बाजूला ठेवला आणि विचारलं, साडीमागे सात रुपये, सत्तावीस साड्या झाल्या, तर शेटने किती द्यायचे? क्षणभरही न थांबता ती म्हणाली, “एकसौ नवासी.”

“काढलंस कसं?”

तिने आधी इकडेतिकडे बघितलं, जणू कॉपी करताना पकडली गेली होती. मग हळूच: “मॅडम, मनात केलं. चालेल?” पंचवीस सत्ते पावणेदोनशे, वर दोन सत्ते चौदा. वहीतले १४४९ आणि तोंडचे १८९ हे एकाच प्रश्नाचं उत्तर आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. एक शाळेचं गणित, दुसरा घरचा हिशेब. घरच्या हिशेबात शेटने कधी फसवलं असतं तर तिने ते पकडलं असतं, पण शाळेच्या गणितात १४४९ ला हरकत घ्यावी असं तिला वाटलंच नाही. तिथे आपल्याला हरकत घेता येते, हेच तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तिची रीत फळ्यावर लिहिली. लगेच मागून एक मुलगा उठला: तीस साड्यांचे दोनशे दहा, तिनाचे एकवीस वजा. तिसऱ्याने वीस सत्ते एकशे चाळीस आणि सात सत्ते एकोणपन्नास अशी बेरीज केली. ही तिसरी रीत म्हणजेच पुस्तकातला उभा गुणाकार आहे, हे दाखवायला मग दोन मिनिटं पुरली. हातचे चार कुठून येतात आणि कुठे जातात, हे त्या वर्गाला त्या दिवशी उमगलं. ते आजवर मुकाट्याने ‘हातचे चार’ म्हणत होते.

ही नुसती सुरतेची गोष्ट नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. ही मुलं गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी चोख करत होती, पण शाळेसारखं मांडलेलं साधं गणित त्यांना अडत होतं. शाळेतल्या मुलांचं उलट: कागदावर जमे, बाजारात अडे. आमची मुलं दोन्हीकडची आहेत, सकाळी वर्गात आणि संध्याकाळी साड्यांच्या ढिगाशेजारी. त्या दोन हिशेबांची गाठ घालून देणारं माणूसच काय ते हवं होतं.

पाढ्यांबद्दल इथे बोललंच पाहिजे, कारण मधल्या काळात पाठांतराला नावं ठेवायची फॅशन आली होती. त्या मुलीचं ‘पंचवीस सत्ते पावणेदोनशे’ हे पाठांतरच होतं. जुन्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी (साडेतीनचा पाढा) घोकून घेत, कारण बाजारात पावशेर-दीडशेराचा हिशेब तोंडी लागे. गुजरातीतही साडेतीनच्या पाढ्याला ऊठां म्हणतात आणि ‘ऊठां भणाववां’ म्हणजे एखाद्याला बनवणं. लोकांना या पाढ्याबद्दल काय वाटायचं ते त्यात आलं. पाढ्यांनी कोणाचं वाकडं केलं नाही. वाकडं केलं ते घड्याळाने आणि उभं करण्याने. सगळ्यांसमोर उभं राहून बाराचा पाढा अडला की पोराच्या डोक्यात बारा राहत नाही, हसणारी तोंडं राहतात. पाढे बसून म्हणायला लावले, अडला तर शेजाऱ्याला विचारायची मुभा दिली, बारा अठ्ठे आठवेना तर दहा अठ्ठे ऐंशी आणि सोळा करून गाठायला शिकवलं, की तेच पाढे मुलं आपणहून म्हणतात.

जून २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून रान पेटलं. एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असंही वाचावं, असं त्यात होतं. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. विधिमंडळापर्यंत टिंगल झाली. ते पुस्तक आमच्याकडे लागत नव्हतं, आम्ही वर्तमानपत्रात वाचलं. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की त्या सोयीची खरी गरज लिंबायतच्या वर्गाला होती. ‘ऐंशी नऊ’ म्हणून ८९ लिहायला शिकलेलं मूल चार भाषांतले चारही शब्द मग सावकाश गोळा करतं. आम्ही ते गाजावाजा न करता काड्यांच्या गठ्ठ्यांवर करत होतो: आठ गठ्ठे, नऊ सुट्या. भाषा बुडाली वगैरे काही झालं नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. लूम थांबले, पुष्कळ कुटुंबं गावी गेली. डीडी गिरनार वाहिनीवर गुजरातीतून पाठ लागत. घरात फोन एक आणि तो बापाच्या खिशात. काही शिक्षकांनी ओट्यांवर, मंदिरांच्या पडव्यांत शेरी शिक्षण, म्हणजे गल्लीतले वर्ग, चालवलं. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा पाचवीच्या बाकावर दुसरीची वजाबाकी बसलेली होती. किती मुलांची अशी गत झाली, ते सांगणारा आकडा शहराला मिळत नाही. मुलांना काय येतं ते तपासणारी ‘असर’ची पाहणी ग्रामीण भागापुरती असते. पण त्या वर्षी एक गोष्ट बरी झाली. इयत्ता विसरून, मुलाला जे येतं तिथून सुरुवात करण्यावाचून इलाजच नव्हता. मुंबईच्या वस्त्यांतून उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ संस्थेने हेच कित्येक वर्षं सांगितलं होतं. सातवीतली मुलं काड्या घेऊन ३०२ मधून १४७ वजा करायला बसली. लाजतील असं वाटलं होतं, पण शंभराचा गठ्ठा सोडून दहाचे दहा गठ्ठे करताना रंगून गेली.

२०२१-२२ पासून गुजरात बोर्डाने दहावीला गणिताचे दोन पर्याय दिले, स्टँडर्ड आणि बेसिक. बहुसंख्य मुलांनी बेसिक घेतलं. सुरत जिल्हा २०२२ मध्ये ७५.६४ टक्के निकाल लावून राज्यात पहिला आला, २०२३ मध्येही पहिला. पेढे वाटले गेले. त्याच २०२३ मध्ये राज्यभरात बेसिक गणितातच लाखाहून अधिक मुलं नापास झाली. सोपा पेपर दिला की भीती जाते, हा समज तिथे निकालात निघाला. आमच्या वस्तीत तर बेसिक-स्टँडर्डचा निर्णय नववीतच होतो आणि तो मूल घेत नाही. “पोरगी आहे, बेसिकच भरा” हे वाक्य मी पालकसभेत इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा रागही येत नाही. साड्यांचा हिशेब जिच्याकडून तपासून घेतात, तिच्याच बाबतीत हे बोलतात. सभेत मग मी मुलीलाच पुढे बोलावते आणि आईच्या महिन्याच्या पैशांचा हिशेब सगळ्यांदेखत मांडायला सांगते. काही बाप गप्प होतात, एखादा फॉर्म बदलून मागतो.

२०२३ पासून राज्यात ज्ञान सहायक शिक्षक नेमले जाऊ लागले, अकरा महिन्यांच्या करारावर. त्यांत जीव ओतून शिकवणारी तरुण मुलं-मुली मी बघितली आहेत. पण चौतीस पोरांपैकी कोण तोंडी चोख आहे आणि कोण कागदावर, कोण एकोणनव्वदला अडतं आणि कोण नुसतं गप्प बसतं, हे कळायलाच दिवाळी उजाडते. पुढच्या जूनला त्याच वर्गावर नवे सर येतात आणि हजेरी झाली की पहिल्या बाकावरच्याला उभं करून बाराचा पाढा विचारतात.