निसरड्या फरशीवरील लेप : वाळूची योग्य निवड

पैनगंगेच्या दक्षिणेकडील आदिलाबाद जिल्ह्यात पावसाळा सुरू झाला म्हणजे शाळेचा व्हरांडा, आरोग्य केंद्राची पायरी आणि घरची मोरी निसरडी होते. वृद्ध व्यक्ती घसरून पडल्यास खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. गुळगुळीत फरशीवर रंगाचा किंवा इपॉक्सीचा लेप देऊन त्यात कठीण कण बसविणे, हा यावर उपाय होय. मात्र कणांची निवड चुकल्यास खर्च वाया जातो.

आदिलाबाद परिसरात चुनखडक आढळतो. त्याचा चुरा वापरण्याचा मोह टाळावा. काठिण्याच्या मोहस् मापनक्रमात चुनखडकातील मुख्य खनिजाचा क्रमांक ३, गारगोटीचा ७ आणि कुरुंदाचा ९ आहे. वर्दळीमुळे चुनखडकाचे कण लवकर झिजतात आणि शौचालय धुण्याच्या आम्लात ते विरघळतात. संशयित चुऱ्यावर लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे आल्यास तो लेपासाठी घेऊ नये.

घर व शाळा यांसाठी गारगोटीची कोनदार वाळू पुरेशी असते. गोल कणांपेक्षा कोनदार कणांची पकड चांगली असते. कुरुंद महाग असल्याने जड वर्दळीच्या उतारांसाठीच त्याचा विचार करावा.

कणांचा आकारही तितकाच महत्त्वाचा आहे. अनवाणी वावर असलेल्या मोरीत व स्वयंपाकघरात सुमारे पाव ते अर्धा मिलिमीटरचे कण योग्य ठरतात. बाहेरील पायऱ्या व उतार यांसाठी अर्धा ते एक मिलिमीटरचे कण चालतात. याहून जाड कणांनी तळपाय सोलवटतात, मळ अडकतो व फडके फाटते. मग तो मळच पुन्हा निसरडेपणा आणतो.

वाळू चाळून, स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्णपणे वाळवावी. माती किंवा ओल राहिल्यास कण सुटतात. फरशीवरील तेल व साबण काढून ती कोरडी करावी. पहिला लेप ओला असतानाच वाळू सारखी पसरावी. तो वाळल्यावर सुटे कण झाडून वर पातळ लेप द्यावा. हा लेप जाड दिल्यास कण बुडतात व फरशी पुन्हा गुळगुळीत होते.

गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून चाळताना व झाडताना धूळ रोखणारा मुखपट्टा बांधावा आणि मुलांना दूर ठेवावे.

सर्व फरशीवर लेप देण्यापूर्वी हातभर जागेत नमुना करावा. तो वाळल्यावर त्यावर पाणी टाकून काठीचा आधार घेत सावधपणे अनवाणी पाऊल ठेवावे. पाय घसरत नाही आणि टोचतही नाही, अशी खात्री झाल्यावरच पुढील काम हाती घ्यावे.