गुग्गुळाचे पृथक्करण आणि आपले उत्तरदायित्व

मोहोळसारख्या तालुक्याच्या गावी चिकित्सा करताना योगराज, कांचनार वा त्रिफळा गुग्गुळ दिला नाही, असा दिवस आमच्या वाट्याला क्वचितच येतो. त्या वटीतील गुग्गुळाची परीक्षा मात्र आपण बहुधा रंग, गंध व चव यांवरच करीत आलो आहोत. म्हणून या निर्यासाच्या पृथक्करणाचा थोडा परामर्श घेणे अगत्याचे वाटते.

सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या संप्राप्तीचा आधार घेऊन डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात गुग्गुळाच्या मेदोहर गुणाचा प्रायोगिक अभ्यास मांडला. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. सुख देव व सहकाऱ्यांनी १९७२ साली त्यातील स्टेरॉइड घटकांवरील संशोधन प्रसिद्ध केले.

गुग्गुळात डिंक, राळ व उडनशील तेल एकत्र असतात. डिंक पाण्यात, तर राळ अल्कोहोल वा इथिल ॲसिटेटमध्ये विरघळते. इथिल ॲसिटेटच्या अर्कातून आम्ल व क्षारधर्मी अंश काढल्यावर उदासीन भाग उरतो. त्यातील कीटोनयुक्त अंशात गुग्गुलस्टेरोन ई व झेड हे घटक आढळतात. पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने त्यांची ओळख पटते.

अशाच प्रमाणित अर्काची अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे चाचणी झाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार एलडीएल कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी किंचित वाढले व काहींच्या त्वचेवर पुरळ उठले. 'तो आपला गुग्गुळ नव्हेच' असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही. त्रिफळा क्वाथात शोधून, गाळून, घृतासह कुटलेल्या गुग्गुळात डिंकही असतो. अर्कातून तो वगळला जातो, हे खरे. परंतु मग त्याच अर्काच्या यशाचे दाखलेही आपल्या वटीच्या नावे मांडू नयेत. दोन्हीकडे एकच माप हवे.

नवा गुग्गुळ बृंहण व जुना लेखन, हा भेद आपल्या शास्त्राने केला आहे. केवळ गुग्गुलस्टेरोनच्या आकड्यावरून तो कळत नाही. उलट सालई वा बाभळीच्या डिंकाची भेसळ नुसत्या डोळ्यांना चकवते. वृक्ष दुर्मिळ होत असताना हा धोका वाढतोच.

यास्तव औषधालय-चालकांनी प्रत्येक खरेदीबरोबर पृथक्करणाचा अहवाल मागावा, निर्यासाचे वय नोंदवावे आणि वैद्यबंधूंनी तो अहवाल पाहूनच वटी निवडावी. रुग्ण विश्वासाने औषध घेतो. त्या विश्वासाची परीक्षा आधी आपणच करावयास हवी.