पुढच्या रविवारी येतो, म्हणालो होतो

एका दिवसाची गर्दी म्हणजे काय, हे शिराळकरांना कुणी सांगायला नको. नागपंचमीला गावात पाय ठेवायला जागा नसते. एसटी भरभरून येतात, अंबामातेच्या देवळापुढे रांगा लागतात. दुसऱ्या दिवशी उरतो तो रस्त्यावरचा कचरा, आणि गाव आपल्या कामाला लागतं.

बौद्धिक अक्षम व्यक्तींच्या निवासी संस्थांमध्ये अशा छोट्या नागपंचम्या वर्षभर चालू असतात. १५ ऑगस्ट, ३ डिसेंबरचा दिव्यांग दिन, कुणाचा तरी वाढदिवस. गाडी येते, केक कापला जातो, फळं वाटली जातात, ग्रुप फोटो होतो आणि दोन तासांत गाडी परत. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला तोच फोटो. त्या गाडीत एकदा मीही होतो, म्हणून हे लिहितोय.

फुगे कुठं लपवायचे?

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला एनएसएसमधून आम्ही पंधरा-वीस जण एसटीनं एका संस्थेत गेलो. ‘मुलांना भेटायचंय’ एवढंच कळलं होतं, म्हणून चॉकलेटं आणि फुगे घेतले. फाटकाशी ‘मुलं’ उभी होती. निम्म्यांना दाढीमिशा, एक-दोघांचे केस पिकलेले! हातातले फुगे कुठं लपवावेत कळेना.

माझ्या वाट्याला धुणं आलं. वाळलेल्या टॉवेलांचा ढीग, आणि जोडीला पस्तिशीतला एक दादा. मी धडाधड दहा-बारा टॉवेलांच्या घड्या घातल्या. त्यानं त्या सगळ्या उलगडल्या, काठाला काठ लावून परत घातल्या आणि म्हणाला, “आसं.” दुपारपर्यंत मला बरी घडी जमायला लागली. सेवा करायला गेलो होतो, काम शिकून आलो.

निघताना त्यानं विचारलं, “परत कधी?”

“पुढच्या रविवारी येतो,” मी म्हणालो. कुणीही म्हणतं तसंच.

पुढच्या रविवारी मॅच होती. मग सबमिशन, मग परीक्षा. गेलो ते अडीच महिन्यांनी. तिथल्या मावशी म्हणाल्या, “दर रविवारी आंघोळ करून, भांग पाडून फाटकाशी बसायचा बघ. चार रविवार बसला. मग सोडलं त्यानं.”

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आजार नव्हे

आपल्याकडे अजूनही ‘मतिमंद’ आणि ‘वेडा’ हे शब्द एकाच दमात वापरले जातात. मनोविकार हा आजार आहे, त्यावर औषधोपचार होतात. बौद्धिक अक्षमता हा आजार नाही. ती जन्मापासून किंवा वाढीच्या वयात येते आणि आयुष्यभर सोबत राहते. कारणं अनेक असतात. डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. कुणाच्या मेंदूला जन्मताना प्राणवायू कमी पडलेला असतो. गोळी घेऊन हे जात नाही, पण शिकवून माणूस खूप पुढं जातो.

शिकवायची रीत मात्र वेगळी. शर्टाचं बटण लावायचं तर त्या कामाचे बारीक बारीक टप्पे पाडतात. बटण काजात अर्धं घालून द्यायचं आणि शेवटचं ओढणं तेवढं त्याच्यावर सोडायचं. काम ‘पूर्ण’ त्याच्या हातून होतं. ते जमलं की त्याच्या आधीचा टप्पा त्याच्याकडे द्यायचा. एका बटणाला कधी कधी महिने लागतात. हे दोन तासांच्या भेटीत होणार कसं?

अठरानंतर काय?

आपण अठराचे झालो की मतदान, लायसन्स, कॉलेज. अनाथ दिव्यांग मुलाला मात्र अठरावं वर्ष भीतीचं असतं, कारण बालगृहं अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतात. पुढं जायचं कुठं?

अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर तालुक्यात वझ्झर नावाचं गाव आहे. तिथं शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस सापडलेल्या दिव्यांग मुलांसाठी घर उभं केलं. १२३ मुला-मुलींचे ते बाप झाले. आडनावसुद्धा दिलं ते स्वतःचं. त्यांच्यातल्या कित्येकांची त्यांनी लग्नं लावून दिली, आणि या मुलांनी तिथल्या माळावर हजारो झाडं जगवली. अठरा पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बाहेर काढू नये, त्यांच्या कायम पुनर्वसनाचा कायदा व्हावा, ही बाबांची अनेक वर्षांची मागणी आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मागणी अजून उभीच आहे.

ज्यांना आईबाप आहेत, त्यांच्या घरातला प्रश्न वेगळा: आमच्यामागं याचं कोण? डोंबिवलीजवळच्या खोणी गावातलं ‘घरकुल’ याच प्रश्नातून उभं राहिलं. अमेय पालक संघटनेच्या पालकांनी आपल्या मोठ्या झालेल्या मुलांसाठी ते बांधलं.

मला तो टॉवेलवाला दादा या सगळ्यामुळं नव्यानं दिसला. अशा घरात राहणाऱ्याला भेटायला येणारी हक्काची माणसं थोडी असतात, आणि वर्षं सरतील तशी ती आणखी कमी होतात. म्हणून ‘येतो’ हा शब्द तिथं आपल्या कट्ट्यावरच्यापेक्षा फार जड असतो.

१२० तासांचं गणित

एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास काम करायचं असतं, दोन वर्षांत २४०. आपण ते रॅली, स्वच्छता मोहीम आणि भेटींमध्ये सुट्टे करून टाकतो. त्यातले महिन्याचे तीन-चार तास एकाच संस्थेला, ठरलेल्या दिवशी दिले तर? दहा जणांच्या गटानं रविवार वाटून घेतले, तर प्रत्येकाला दोन-अडीच महिन्यांनी एकदा पाळी येईल आणि संस्थेचा एकही रविवार रिकामा जाणार नाही. परीक्षा कुणाची का असेना, गट जातोच. कॉलेज संपलं की जागा ज्युनियरला द्यायची.

कामं भरपूर असतात. खेळायला जोडीदार लागतात. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये ‘युनिफाइड’ नावाचा प्रकारच आहे, ज्यात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघातून उतरतात. राख्या, पणत्या, उटणं बनवणाऱ्या संस्थांना विक्रीसाठी माणसं हवी असतात. आणि फोनवर सहज चालणारी आपली बोटं गावातल्या पालकांच्याही उपयोगी पडतात. युडीआयडी कार्डाचा ऑनलाइन अर्ज अनेकांना भरता येत नाही. मुलगा अठराचा झाल्यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, हेही बऱ्याच घरांना ठाऊक नसतं. एवढी माहिती पोचवली तरी ते केकपेक्षा जास्त टिकतं.

जाण्याआधी एवढं पाहा

- आधी फोन करून काय हवंय ते विचारा. खाऊ परस्पर देऊ नका. कुणाला फिट येते, कुणाला गिळायला त्रास होतो.
- वयानं मोठ्यांशी मोठ्यांसारखं बोला. ‘बाळा’, ‘सोन्या’ नको.
- सूचना एका वेळी एकच द्या आणि उत्तराची वाट पाहा. वाट पाहणं हेच निम्मं काम आहे.
- फोटो काढण्याआधी त्या व्यक्तीला आणि संस्थेला विचारा. ‘नको’ म्हणाले तर फोन खिशात.
- पाळता येणार नाही ती तारीख देऊ नका.

त्या दादाकडे मी परत गेलो तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. टॉवेलांचा ढीग पुढ्यात होता. मी शेजारी बसून घड्या घालायला लागलो. तासाभरानं त्यानं माझी एक घडी उचलली, उलगडली, पुन्हा घातली आणि म्हणाला, “आसं.”

त्या दिवसापासून मी तोंडी तारीख देत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्याच्या पहिल्या रविवाराला आम्ही दोघं मिळून लाल गोल करतो. रोज रात्री तो एकेक दिवस खोडतो. गोलापर्यंत पोचायचं काम त्याचं, आणि त्या सकाळची पहिली एसटी पकडायचं काम माझं.